इडलीच्या पेटीतली मदेरा: दुसरा घाणा, ९० दिवसांची नोंद

मदेरा म्हणजे अटलांटिकमधल्या त्याच नावाच्या पोर्तुगीज बेटावरची, स्पिरिट घालून कडक केलेली आणि मुद्दाम उष्णतेत मुरवलेली वाईन. ती घरी करण्याचा हा माझा दुसरा प्रयत्न. पहिला घाणा का फसला ते आधी सांगतो, म्हणजे या वेळचं गणित कळेल.

गेल्या वर्षी हावरटपणा केला आणि थेट माल्वाझियाच्या वाटेने, म्हणजे गोड करायला गेलो. गोड मदेरा करताना आंबवण अर्ध्यावर, साधारण ७ टक्के अल्कोहोलला थांबवतात. बेटावरच्या फुंशाल गावात त्यासाठी ९६ टक्क्यांचं द्राक्षाचं स्पिरिट ओततात. १८ टक्क्यांवर न्यायला लिटरमागे जेमतेम १४० मिली पुरतं. इथे इंग्लंडमधल्या रीडिंग गावात घरी वाईन करायला मुभा आहे, स्पिरिट गाळायला नाही. त्यामुळे माझ्याकडे होती दुकानातली ४० टक्क्यांची ब्रँडी. तिने तोच पल्ला गाठायचा तर लिटरमागे अर्धा लिटर लागते! म्हणजे मी वाईन केलीच नव्हती, द्राक्षाचा रस घालून ब्रँडी केली होती. आंबटपणा पार वाहून गेला. तोंडात काकवी.

म्हणून या वेळी सर्सियालची, म्हणजे कोरड्या मदेराची वाट धरली. आंबवण शेवटपर्यंत, साखर संपेपर्यंत जाऊ द्यायचं, आणि मग ब्रँडी.

दिवस ०. पांढऱ्या द्राक्षांची वाईन ६.१६ लिटर, अल्कोहोल १३ टक्के, आम्ल लिटरला ५.८ ग्रॅम. त्यात ७०० मिलीच्या दोन ब्रँड्या. एकूण ७.५६ लिटर, बरोबर १८ टक्के. पण ब्रँडीने आम्ल ४.७ वर आणलं, म्हणून २३ ग्रॅम टार्टारिक आम्ल घालून ७.७ पर्यंत चढवलं. मदेरा बेटावर हे आम्ल फुकट मिळतं. काळी ज्वालामुखीची जमीन, डोंगरउतारावरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या वाफ्यांत वेली, अटलांटिकचा गारवा, आणि द्राक्षं फार गोड व्हायच्या आत तोडलेली. माझी द्राक्षं डब्यातून आलेली, त्यांच्याकडून किती अपेक्षा ठेवायची.

साडेचार लिटरचा डेमिजॉन (काचेचा बुधला) पेटीत, उरलेली तीन लिटर माळ्यावर.

पेटी म्हणजे इडलीचं पीठ आंबवायला केलेला थर्मोकोलचा खोका, बल्ब आणि थर्मोस्टॅट. इथल्या थंडीत त्याशिवाय पीठ फुगत नाही. आता ती ४५ अंशांवर लावली आहे. तिकडे या तापवण्याला इश्तुफाझेम म्हणतात: टाकीत, ४५ ते ५० अंशांवर, किमान तीन महिने. बाजारातली बरीचशी स्वस्त मदेरा अशीच होते, बहुतेक टिंटा नेग्रा द्राक्षाची. आईने व्हिडिओ कॉलवर पेटी पाहिली. “अरे, मग इडल्या कशात करणार?” वाईनबद्दल अवाक्षर नाही. मदिरा म्हटलं असतं तर कदाचित बोलली असती. (बेटाच्या नावाचा आपल्या मदिरेशी संबंध नाही, पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ लाकूड. पण हा योगायोग मला फार आवडतो.)

दिवस ४. सकाळी स्वयंपाकघर चिकट. डेमिजॉन गळ्यापर्यंत भरण्याचा शहाणपणा मीच केला होता. वीस अंशांवरून पंचेचाळीसवर जाताना पन्नासेक मिली फुगून वर आली आणि एअरलॉकमधून (बुचातल्या हवा सोडणाऱ्या नळीतून) बल्बवर. पाव लिटर काढून फ्रिजमध्ये ठेवली, तुलनेलाही होईल. नवशिक्यांनो, गळ्याखाली चार बोटं जागा सोडा.

दिवस ३८. रंग गवती चहावरून मधाकडे. पेटी उघडली की खारकेचा वास.

मध्यंतरी फुंशालला जाऊन आलो. ब्लँडीज या मदेरा करणाऱ्या घराण्याचं कोठार गावाच्या मध्यावर आहे, जुन्या फ्रान्सिस्कन मठाच्या जागेत. जॉन ब्लँडी या इंग्रजाने १८११ मध्ये धंदा मांडला. १८५२ मध्ये वेलींवर भुरी आली आणि बेट हवालदिल झालं, तेव्हा त्याच्या मुलाने, चार्ल्स रिडपाथने, जुन्या वायनींचे साठे विकत घेऊन ठेवले. आज सातवी पिढी आहे.

मला तिथे पाहायचा होता तो माळा. चांगली वाईन हे लोक टाकीत तापवत नाहीत. लाकडी पिंपं छपराखाली, उन्हाने तापणाऱ्या वरच्या मजल्यावर, तुळयांवर ठेवतात. त्या तुळयांवरून पद्धतीचं नाव कांतेइरो. वर्षं सरतील तशी पिंपं एकेक मजला खाली, गारव्याकडे उतरतात. लाकडातून पाणी, अल्कोहोल उडत राहतं आणि आत आंबट, गोड सगळंच दाट होतं. ‘फ्रास्केइरा’ लिहायचं तर लाकडात किमान वीस वर्षं. वर उभा राहिलो आणि आजीची गच्ची आठवली: साखरांब्याच्या बरण्या, तोंडाला फडकं, चैत्राचं ऊन. चुलीवरचा साखरांबा तासात होतो. उन्हातला मुरतो. पेटी आणि माळा यांतला फरक मला त्याहून नेमका सांगता येणार नाही.

या उष्णतेचा शोधही आपल्याच वाटेवर लागला म्हणायचा. हिंदुस्तानला निघालेली जहाजं बेटावर थांबत, पिंपं चढवत. काही न विकता परत येत, जाता-येता विषुववृत्त चारदा ओलांडून. गलबताच्या पोटात शिजलेली ती वाईन मूळ वायनीपेक्षा सरस निघाली, तिला ‘विन्यो दा रोडा’ म्हणजे फेरीची वाईन म्हणून जास्त भाव येऊ लागला. पुढे फेरी परवडेना, तेव्हा तो उन्हाळा छपराखाली आणला गेला.

दिवस ९०. बल्ब बंद, पण एकदम नाही. आठवडाभर रोज तीन अंश खाली.

दिवस ९७. चार पेले: फ्रिजमधली, माळ्यावरची, पेटीतली आणि ब्लँडीजची दहा वर्षांची सर्सियाल. फ्रिजमधली कच्ची, ब्रँडी वेगळी, वाईन वेगळी. माळ्यावरचीत फरक फार थोडा, शेवटी बदामाच्या सालीसारखं काहीतरी. पेटीतली नाकाला थेट मदेरा: खारीक, भाजलेली साखर, संत्र्याची साल. बायकोने वासावरून दोन्ही पेले उलटसुलट ओळखले, तेव्हा मी घरभर मिरवलो. पण घोट घेतला आणि उतरलो. माझी गिळली की संपते, मागे जरा करपलेलं राहतं. त्यांची गिळल्यावर सुरू होते. आम्ल टार्टारिक घालून आणता येतं, पण ते वर तरंगतं, बाकीच्या चवीत शिरत नाही.

एक मात्र खरं. सर्सियालची ही बाटली दिवाळीत फोडली होती, अजून तशीच आहे. जिला आधीच हवेत नि उष्णतेत मुरवलंय तिचं आणखी काय बिघडणार. फक्त बाटली उभी ठेवा, आडवी ठेवलीत तर अल्कोहोल बुचाला खातं.

तिसऱ्या घाण्यासाठी आंबट द्राक्षांचा ताजा रस शोधतोय, बागेत वेल असलेला कुणी ओळखीचा असेल तर कळवा. माळ्यावरच्या तीन लिटरला हात लावणार नाही. पेटी आईच्या सूचनेनुसार पिठाला परत दिली आहे. पहिल्या इडल्यांना किंचित खारकेचा वास होता.