चेलोची उघडलेली कड

माझं दुकान म्हापशात आहे. व्हायोलिन आणि चेलो, म्हणजे बसून वाजवायचं व्हायोलिनच्या घडणीचं मोठं, खर्जाचं वाद्य, दुरुस्त करतो, भजनी मंडळांच्या पेट्याही येतात. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी साळगावहून फोन आला, "मेस्ता, चेलो खरखरतोय. सगळं टाकून ये." तिथल्या एका जुन्या घराच्या बाई दरवर्षी आपल्या बागेत चार वादकांची मैफल ठेवतात. माइक नाही, तिकीट नाही, ओळखीपाळखीची माणसं. त्या संध्याकाळी सात वाजता चेक संगीतकार द्वोर्झाकचं 'अमेरिकन' क्वार्टेट, म्हणजे चार वाद्यांसाठीची रचना, ठरलं होतं.

पोचलो तेव्हा चेलोवाली मुलगी बाल्कांवात, घराच्या पुढच्या ओसरीवर, वाद्य मांडीशी धरून बसली होती. सर्वांत जाड तार छेडली की खर्जाच्या मागे एक बारीक घरघर यायची. मी चेलो आडवा घेतला आणि बोटाच्या पेराने कडेकडेने ठोकत गेलो. घट्ट चिकटलेल्या जागी आवाज भरीव येतो. पाठीच्या खालच्या डाव्या बाजूला तो फुटका लागला. पाठ आणि बाजूची पट्टी यांच्यामधला सांधा वीतभर उघडला होता. मडगावहून येताना चेलो बंद गाडीत उन्हात राहिला होता, एवढं पुरेसं होतं.

घरातला एक मुलगा लगेच पांढऱ्या गोंदाची बाटली घेऊन आला. त्याचा हेतू चांगलाच होता, पण ती बाटली मी लांब ठेवायला लावली. या वाद्यांचं पोट, म्हणजे पुढची फळी, आणि पाठ जनावरांच्या कातड्याच्या सरसाने चिकटवलेली असतात, आणि तो सरस मुद्दाम फार घट्ट लावत नाहीत. लाकूड हवेतल्या ओलाव्याने फुगतं, उन्हाने आक्रसतं. चार तारांचा मिळून पन्नास किलोहून जास्त ताण त्याच्यावर असतो. अशा वेळी कुठेतरी काहीतरी सुटणारच. सरसाचा सांधा सुटला तर पुन्हा चिकटवता येतो. सांधा सुटलाच नाही तर चीर लाकडात जाते, आणि मग वाद्य जन्माचं अधू होतं. माझ्या टेबलावर अशी वाद्यं आलेली आहेत. ती पाहवत नाहीत.

"रात्रभर तरी शिकंज्यात राहायला हवा," मी म्हटलं. हातात होते जेमतेम साडेचार तास.

मुलीने विचारलं, "आणि वाजवताना नाही धरलं तर?"

"तर तिथेच परत उघडेल, बाळा. घरघर होईल. लाकूड तुटणार नाही."

ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग करा."

भिजवून ठेवलेला सरस मी बर्फाच्या डब्यात घालून नेलाच होता. गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून तो पातळ केला. साठ अंशांच्या फार वर गेला की त्याची ताकद जाते, म्हणून थर्मामीटरवरची नजर हलवायची नाही. तारा पूर्ण सैल केल्या तर आतला साउंडपोस्ट, म्हणजे पोट आणि पाठ यांच्यामध्ये नुसता दाबाने उभा असलेला लाकडी दांडा, पडू शकतो, त्यामुळे त्या थोड्याच उतरवल्या. सांध्यातला जुना सरस कोमट पाण्याने पुसून काढला, पातळ पातीने नवा आत सरकवला, शिकंजे लावले आणि चेलो घरातल्या कोरड्या खोलीत पंख्याखाली ठेवला. दोनला दहा मिनिटं कमी होती.

मधला वेळ मी बागेत घालवला, आणि बरं झालं. खुर्च्या हिरवळीच्या मधोमध मांडल्या होत्या, वादकांच्या मागे नुसती मोकळी हवा. चौघांचं संगीत खोलीसाठी रचलेलं असतं. भिंती आणि छत स्वर परत देतात, तेव्हा त्याला अंग येतं. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो, आणि चेलोचा खर्ज सगळ्यांत आधी हरवतो. मी बाईंना म्हटलं, वादकांना घराच्या चिऱ्याच्या भिंतीला पाठ करून बसवू, खुर्च्या अर्धवर्तुळात जवळ ओढू. त्यांना आंब्याखालची जागा मनापासून आवडली होती. पण दुसऱ्या व्हायोलिनवाल्याने दोन्हीकडे वाजवून दाखवल्यावर त्या स्वतःच खुर्च्या उचलायला लागल्या. चेलोची टोकदार काठी मातीत रुतू नये म्हणून फळी टाकली. स्वरलिपीच्या कागदांना कपड्यांचे चिमटे. साळुंक्या आंब्यावर विसाव्याला येतात तेव्हा सहापासून जो गोंगाट करतात तो पावणेसातनंतर ओसरतो, म्हणून सातच्या आधी सुरुवात नको, हे बाईंना ठाऊक होतं.

सव्वासहाला शिकंजे काढले. ठोकून पाहिलं, आवाज भरीव. तारा हळूहळू चढवल्या.

द्वोर्झाकने हे क्वार्टेट १८९३ च्या उन्हाळ्यात आयोवातल्या स्पिलव्हिल या चेक वस्तीच्या गावात लिहिलं. न्यूयॉर्कमधल्या नोकरीच्या सुट्टीत आपल्या भाषेची माणसं भेटली, आणि पहिला आराखडा तीन दिवसांत उतरला. सुरुवात व्हायोलाची, व्हायोलिनपेक्षा थोड्या मोठ्या आणि खालच्या स्वराच्या वाद्याची आहे. द्वोर्झाक स्वतः पूर्वी प्राग इथल्या नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात व्हायोला वाजवत असे. तिसऱ्या भागात स्पिलव्हिलला ऐकलेल्या एका पक्ष्याचा सूर येतो. पण मला काळजी दुसऱ्या भागाची होती. त्याची सगळी व्याकूळ चाल शेवटी चेलोकडे येते, बाकीचे तिघे हळू साथ करतात, आणि लपायला कुठे जागा नसते.

मी चेलोच्या बाजूला, भिंतीलगत उभा होतो. तोवर दव पडायला लागलं होतं. ओलाव्याने पोट फुगतं, तारा घोडीवर किंचित उंच होतात, बोटांना जड जातं. मुलगी ते सांभाळून घेत होती. ती शेवटची चाल तिने घाई न करता, गज पूर्ण ओढत वाजवली. एकदाही घरघर आली नाही. शेजारच्या खुर्चीवरचे एक म्हातारे गृहस्थ, लहानपणी चर्चच्या शाळेत सॉल्फेज, म्हणजे स्वरलिपी गाऊन वाचणं, आणि व्हायोलिन शिकलेले, डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर चालवत होते. गोव्याच्या गावागावांतून अशा शाळांनी वादक घडवले आणि मुंबईच्या सिनेमाचे वाद्यवृंद उभे राहिले. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यातलीच नावं. ही मैफल मला फार मोलाची वाटते ती या माणसांमुळे.

सोमवारी चेलो दुकानात आला. सांधा मी पुन्हा उघडला, नीट साफ केला आणि दोन रात्री शिकंज्यात ठेवला. जवळच आणखी बोटभर जागा सुटायच्या बेतात होती, तीही करून दिली. भिंतीपुढे कायमची फरशी घालायचं बाईंनी ठरवलंय. चार खुर्च्यांना किती रुंद लागेल त्याची मापं मी त्यांना कागदावर काढून दिली आहेत.