मुख्य खरेदीदार कोण? : अटलांटातल्या एका पाहणीचा अनुभव

लहान मुलांच्या वस्तू बनवणाऱ्या एका कंपनीसाठी अटलांटा शहरात आणि आसपासच्या काउंट्यांमध्ये कृष्णवर्णीय मातांची पाहणी करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा खरी अडचण घरोघरी जाण्यात येईल, अशी सर्वांची समजूत होती. प्रत्यक्षात घरांची दारे सहज उघडली, माणसे मोकळेपणाने बोलली; अडले ते कंपनीच्या प्रश्नावल्यांची मानके सांभाळणाऱ्या विभागात, आणि तेही एकाच प्रश्नावर. अमेरिकेत ग्राहक-संशोधनाच्या नोकऱ्यांत आता बरीच मराठी मुले-मुली येत आहेत, त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हे लिहीत आहे. माझा राग अजून पुरता ओसरलेला नाही, हे वाचताना लक्षात येईलच.

करारनामा, अंदाजपत्रक, मुलाखतीची रूपरेषा यांत सांगण्यासारखे काही घडले नाही. तीन वर्षांखालचे मूल असलेल्या माता निवडायच्या, त्यांच्या घरी बसून बोलायचे आणि डायपर, लोशन, केसांची उत्पादने घरात कशी येतात ते समजून घ्यायचे, असे काम होते. निवड करण्यासाठी आधी फोनवर एक छोटी प्रश्नावली विचारतात. तिला या धंद्यात सगळेच स्क्रीनर म्हणतात. आमच्या स्क्रीनरमधला सातवा प्रश्न असा होता : तुमच्या घरात बाळाच्या वस्तूंच्या खरेदीचे बहुतेक निर्णय कोण घेते? उत्तरे तीनच होती. ‘मी’, ‘मी आणि माझा जोडीदार’ आणि ‘अन्य कोणी’. तिसरे उत्तर आले की आभार मानून फोन ठेवायचा.

फोन करण्याचे काम ज्या बाईंकडे होते, त्यांचा सगळा जन्म अटलांटाच्या नैऋत्य भागात गेला आहे आणि माता, शाळा, चर्च, केशकर्तनालये या सगळ्यांशी त्यांची जुनी ओळख आहे. काम सुरू झाल्यावर लगेचच त्यांनी मला फोन करून सांगितले, “तुम्हाला माता हव्या आहेत की हा प्रश्न हवा आहे, ते एकदा ठरवा. दोन्ही मिळायचे नाही.”

त्यांनी बाद झालेल्या मातांची टिपणे पाठवली, ती मी रात्री वाचत बसले. एक परिचारिका होती. ती रात्रपाळीला असते, त्या रात्री बाळ आजीकडे झोपते. डिकेटरला आईचे घर, स्टोन माउंटनला आजीचे. डायपरचे मोठे खोके आजी घाऊक दुकानातून आणते, पैसे लेक मोबाइलवरून पाठवते आणि कोणते डायपर आणायचे ते मावशीने सांगितलेले असते, कारण मावशीच्या मुलाला दुसऱ्या डायपरने पुरळ आले होते. या परिचारिकेने प्रामाणिकपणे ‘अन्य कोणी’ असे उत्तर दिले आणि ती बाद झाली. दुसऱ्या एकीचे सामान नवरा आणतो, कारण दुकान त्याच्या कामाच्या वाटेवर आहे; यादी मात्र बायकोची. तिसरीकडे ज्यांना सगळे ऑन्टी म्हणतात, त्या रक्ताच्या नात्याच्या नव्हत्याच, पण बाळाचे नवे कपडे त्यांच्या पसंतीशिवाय येत नसत. आमच्या सांगलीच्या घरी यादी आजी सांगायची, पिशवी काका उचलायचे आणि पैसे वडील द्यायचे. तेव्हा मुख्य खरेदीदार शोधणाऱ्यांचे तिथे काय झाले असते, याची कल्पना मला लगेच आली.

तरी हा फरक केवळ एकत्र कुटुंबाचा नाही. गुलामगिरीच्या काळात आई, बाप आणि मुले वेगवेगळ्या मालकांना विकली जात. तेव्हा जवळ जे कोणी असेल त्याने मूल सांभाळायचे, ही सवय जगण्याची गरज होती. पुढे साधारण १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय दक्षिणेतून उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत गेले, तेव्हा अनेक घरांतली मुले उन्हाळ्यात दक्षिणेतल्या आजीकडे पाठवली जात. एका बाळाची जबाबदारी दोन-तीन पत्त्यांवर वाटलेली असणे याला इथे जुना इतिहास आहे, आणि आमची प्रश्नावली एका पत्त्यापलीकडे पाहायला तयार नव्हती.

सातव्या प्रश्नात बदल करावा, असा अर्ज मी मानक विभागाकडे पाठवला. उत्तर आले की हा प्रश्न सर्व पाहण्यांत सारखाच विचारला जातो, तो बदलला तर मागील वर्षांच्या आकड्यांशी तुलना करता येणार नाही. हे कारण खोटे नव्हते, म्हणून मी नव्याने लिहिले की प्रश्न आहे तसा राहू द्या, फक्त तिसऱ्या उत्तरावर फोन ठेवण्याची सूचना काढा. त्यावर कळले की फोन ठेवण्याची सूचना हादेखील प्रश्नाचाच भाग मानला जातो आणि अशा बदलांसाठी समिती बसते. ती महिन्यातून एकदाच बसते. समितीपुढे जाण्यासाठी अर्जाचा वेगळा नमुना होता. तो भरून दिला, तर तो नमुन्याच्या जुन्या आवृत्तीवर आहे म्हणून परत आला. ती आवृत्ती त्याच विभागाने मला पाठवलेली होती.

दरम्यान उन्हाळा सरत चालला होता. अटलांटाच्या परिसरात शाळा ऑगस्टच्या पहिल्या दिवसांतच सुरू होतात आणि त्याआधीच्या आठवड्यांत दप्तरे, गणवेश, लसीकरणाचे दाखले यांत माता इतक्या गुंतलेल्या असतात की पाहणीसाठी दोन तास मागणे म्हणजे अंत पाहणे. आमच्या बाईंनी पाऊण यादी शब्द देऊन थांबवून ठेवली होती. रोज एखादी गळत होती, आणि मी इकडे नमुन्याच्या नव्या आवृत्तीतली तीच माहिती पुन्हा टाइप करत होते.

समितीची पहिली सूचना वाचून मी संगणक बंद करून अंगणात फिरून आले. सूचना अशी होती की आजी बाळाला सांभाळत असेल, तर तिची नोंद ‘बाहेरील संगोपन सेवा’ या रकान्यात करावी, म्हणजे सातवा प्रश्न न बदलता आई पात्र ठरेल. ज्या बाईने आपल्या लेकीला वाढवले आणि आता लेकीचे मूल वाढवते आहे, तिला आमच्या तक्त्यात पाळणाघर म्हणून बसवायचे होते. मी शांतपणे लिहिले की हा उपाय मला मान्य नाही. शांतपणे लिहायला बराच वेळ लागला.

त्याच सुमारास दुसरा वाद उभा राहिला. उत्पन्नाची वरची मर्यादा घालावी, असे कंपनीच्या विपणन विभागाचे म्हणणे होते. कृष्णवर्णीय माता म्हणजे एकट्या आणि गरीब, हे गृहीतक त्यामागे न बोलता बसलेले होते. १९६५ साली कामगार खात्यातले अधिकारी मॉयनिहन यांच्या सरकारी अहवालाने कृष्णवर्णीय कुटुंबांच्या अडचणींचे खापर मोठ्या प्रमाणात आईकेंद्री घरांवर फोडले आणि ती प्रतिमा अजून पुसली गेलेली नाही. पण १९३८ साली फिलाडेल्फियातल्या कृष्णवर्णीय मातांनी मुलांसाठी ‘जॅक अँड जिल ऑफ अमेरिका’ ही संस्था काढली, ती आजही सुस्थितीतल्या कुटुंबांची मोठी संघटना आहे. शिवाय अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांपैकी साधारण दहात एक जण परदेशात जन्मलेला आहे. अटलांटाच्या आसपासच नायजेरियन, इथिओपियन, जमैकन माता सहज भेटतात आणि त्यांच्या घरची रीत निराळी असते. बाप गायब असतो, हे गृहीतकही तपासून घ्यावे. राष्ट्रीय आरोग्य सांख्यिकी केंद्राच्या २०१३ च्या अहवालानुसार, लहान मुलांसोबत राहणाऱ्या कृष्णवर्णीय बापांपैकी सुमारे ७० टक्के रोज मुलांना आंघोळ घालणे, कपडे घालणे, डायपर बदलणे ही कामे करत होते. श्वेतवर्णीय बापांत हे प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास होते. उत्पन्नाची अट मी काढून घेतली, आणि ती काढताना मला विशेष त्रास झाला नाही, कारण विपणन विभागात समिती नव्हती.

सातव्या प्रश्नाची गाठ शेवटी सुटली ती जनगणनेमुळे. १९९६ च्या कल्याणकारी योजनांच्या कायद्याने जनगणना विभागाला आजी-आजोबांविषयी माहिती गोळा करायला सांगितले होते. त्यामुळे २००० च्या जनगणनेपासून, घरात नातवंडे राहतात का आणि त्यांच्या मूलभूत गरजांची जबाबदारी आजी-आजोबांवर आहे का, हे जनगणना विभाग थेट विचारतो. मी ते प्रश्न अर्जाच्या पहिल्याच पानावर छापले आणि खाली एवढेच लिहिले की जे सरकार मोजू शकते, ते आपल्याला मोजायला हरकत नसावी. समितीने मान डोलावली. जुना प्रश्न जागेवर राहिला, फोन ठेवण्याची सूचना गेली आणि त्याखाली माझे तीन प्रश्न आले : शेवटचे डायपर दुकानातून कोणी आणले, पैसे कोणी दिले आणि कोणते आणायचे हे कोणी ठरवले? तिन्ही उत्तरांत तीन वेगळी माणसे आली तरी आई पात्र. या तीन प्रश्नांचा मला आजही अभिमान आहे.

परवानगी आल्यावर काम झपाट्याने झाले. एका शनिवारी मी एका घरी केस धुण्याच्या दिवशी गेले होते. या घरांत तो अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम असतो. पाच वर्षांची मोठी मुलगी आजीच्या गुडघ्यांमध्ये उशीवर बसलेली, आजीच्या हातात रुंद दातांचा कंगवा आणि पाण्याची फवारणी, बाजूला मण्यांची डबी. आजी केसांचे चौकोनी भाग पाडत होती, एक भाग सोडून बाकीचे चिमट्याने बांधून ठेवत होती आणि टोकाकडून मुळाकडे गुंता सोडवत होती. फळीवर आजीचा निळ्या डबीतला, केसांना लावायचा ग्रीस आणि आईचे शिआ बटर असलेले लोशन शेजारी शेजारी होते. आई बाटलीमागचे घटक मोबाइलवर तपासून घेते; आजीचे म्हणणे असे की याच ग्रीसने तुझे केस कमरेपर्यंत आले. त्या घरात दोन्ही विकत घेतले जातात, आणि कोणाचे कधी लावायचे हे घरात कोण आहे त्यावर ठरते. सातव्या प्रश्नाने हे घर आम्हाला कधीच दिसले नसते.

काही गोष्टी जशा आठवतील तशा सांगते. पुरळाविषयी विचारताना ‘त्वचा लाल झाली का’ असे विचारू नये. गडद त्वचेवर पुरळ जांभळट किंवा तपकिरी दिसते, आणि आई प्रामाणिकपणे नाही म्हणते. फॉर्म्युला दुधाच्या बाबतीत ब्रँडनिष्ठा शोधण्यापूर्वी कुटुंब डब्ल्यूआयसी या सरकारी पोषण योजनेत आहे का ते पाहावे, कारण त्या योजनेसाठी प्रत्येक राज्य एका उत्पादकाशी करार करते आणि बहुतेक वेळा तोच डबा मिळतो. डायपर मात्र त्या योजनेतही बसत नाहीत आणि अन्नसाहाय्याच्या कार्डावरही मिळत नाहीत, म्हणून त्यांच्या किमतीविषयीची उत्तरे फार अचूक येतात.

वयस्कर बाईंना नुसत्या नावाने हाक मारू नये. ‘मिस’ लावून नाव घ्यावे. हा केवळ शिष्टाचार नाही. १९६३ साली अलाबामातल्या न्यायालयात कृष्णवर्णीय कार्यकर्त्या मेरी हॅमिल्टन यांनी सरकारी वकील नुसते ‘मेरी’ म्हणतो म्हणून उत्तर द्यायला नकार दिला, त्यांना न्यायालयाच्या अवमानाची शिक्षा झाली आणि १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. आजच्या आज्या त्या काळातल्या मुली आहेत.

संमतिपत्र हातात ठेवून सही मागू नये, मोठ्याने वाचून दाखवावे आणि रेकॉर्डिंग कधी बंद होते तेही दाखवावे. अलाबामातल्या टस्कीगीमध्ये १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सरकारी आरोग्य खात्याचे डॉक्टर कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस उपचार न करता पाहत राहिले, हे इथल्या घराघरांत माहीत आहे. सल्ला कोणाचा ऐकता, या प्रश्नाला डॉक्टरांचे नाव उशिरा आले तरी आश्चर्य वाटू देऊ नये. २०२३ मध्ये दर एक लाख जिवंत जन्मांमागे ५०.३ कृष्णवर्णीय मातांचा मृत्यू झाला आणि श्वेतवर्णीय मातांत हाच आकडा १४.५ होता. बहीण, आजी, चर्चमधल्या बायका आधी येतात, ते उगीच नाही. रविवारी सकाळी आणि बुधवारी संध्याकाळी अनेक घरे चर्चला जातात, त्या वेळा मागू नयेत. मानधन त्याच दिवशी हातात द्यावे, आणि लेखा विभाग सोशल सिक्युरिटी हा सरकारी ओळखक्रमांक मागत असेल, तर हा वाद माता निवडायला सुरुवात होण्यापूर्वीच मिटवावा.

समितीचे मंजुरीपत्र मी जपून ठेवले आहे, कारण त्यात शेवटी एक ओळ आहे : हा बदल केवळ प्रस्तुत पाहणीपुरता मान्य करण्यात येत आहे. पुढच्या पाहणीत सातवा प्रश्न पुन्हा जुन्याच रूपात छापून आला आहे. ज्यांच्यावर असे काम येईल त्यांनी अर्ज पाहणीची तारीख ठरण्याआधीच द्यावा, नमुन्याची आवृत्ती लेखी विचारून घ्यावी आणि जनगणनेचे प्रश्न पहिल्या पानावर लावावेत. माझा अर्ज मी या वेळी तसाच आणि आधीच पाठवला आहे.