एका यादीसाठी पाच फेऱ्या

सर्व्हे संपून वर्ष होत आलं, तरी त्या कार्यालयातला बाक आठवला की माझं डोकं तापतं.

एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) प्रबंधासाठी कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावात घरांची असुरक्षितता मोजायची होती. म्हणजे आज दोन वेळचं भागतंय, पण एखादं आजारपण आलं किंवा भात हातचं गेलं की कोलमडतील अशी घरं शोधायची. त्यासाठी घरांची यादी हवी, ती त्या सरकारी कार्यालयातून घ्यायची होती. पहिल्या फेरीत अर्ज मराठीत म्हणून परत आला. मैत्रिणीकडून कन्नडमध्ये लिहून घेतला, तर कॉलेजच्या पत्रावर जावक क्रमांक नाही. तिसऱ्या फेरीला दिलेला अर्जच सापडेना. (दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्याच, मी घेतली नव्हती.) चौथ्यांदा साहेब बेळगावला मीटिंगला. भर पावसात दोन बस बदलून जायचं, बाकावर बसायचं, परत यायचं. पाचव्यांदा यादी हातात पडली तेव्हा मला रडूच आलं.

ती यादी रेशनकार्डांची होती. गावात दुसऱ्याच घरी कळलं, कार्ड एक, भाऊ दोन, चुली दोन. जनगणनेत एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब. मागच्या पडवीत सत्तरीच्या आजी वेगळं शिजवून खात होत्या, नाव मात्र मुलाच्या कार्डावर. 2011 च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेत गावांसाठी वंचिततेच्या 7 कसोट्या होत्या. 'घरात 16 ते 59 वयाचं कोणीच नाही' ही त्यातली एक. चुलीने मोजलं तर आजी तिच्यात बसतात, कार्डाने मोजलं तर कुठेच दिसत नाहीत. शेवटी अंगणवाडीताईंनी दोन दिवसांत गल्लीवार चुली लिहून दिल्या. आधी त्यांच्याकडेच जायला हवं होतं.

बाकी काम सुरळीत झालं. "गृहलक्ष्मीचे 2000 बंद होणार काय?" (कर्नाटक सरकार घरातल्या बाईला महिन्याला देतं ते पैसे) ही भीती घरोघरी होती, म्हणून हा सरकारी सर्व्हे नाही हे दारातच सांगा. खाण्याचे प्रश्न, म्हणजे अन्न कमी पडलं तेव्हा घराने काय केलं याचे, गेल्या 7 दिवसांपुरते विचारतात. मुलांना पुरावं म्हणून मोठ्यांनी पोट मारलं का, या प्रश्नाचं गुण मोजतानाचं वजन सगळ्यांत जास्त, 3. तो बाईला एकटीला विचारा. उत्तरासोबत महिनाही लिहा, लावणीतलं आणि सुगीनंतरचं उत्तर एक नसतं.

मी लावणीत विचारलं होतं. आजींनी सातातले चार दिवस एकदाच चूल पेटवली होती.