सात ठोकळे

2015 च्या फेब्रुवारीची गोष्ट आहे, मी ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला मास्टर्स करत होतो आणि फोर्कलिफ्टचं, म्हणजे पुढच्या दोन लोखंडी काट्यांवर माल उचलणाऱ्या गाडीचं, लायसन काढून दोनच महिने झाले होते. आमच्या सांगलीच्या घरी फोन केला की आण्णा पहिलं विचारायचे, काय चालवतोस तिथं? मी म्हणायचो फोर्कलिफ्ट, त्यावर त्यांचं ठरलेलं, "मागं जाणाऱ्या गाडीला गाडी म्हणत न्हाईत." त्यांनी हयातभर माल ट्रक चालवला, हळद-द्राक्षं वगैरे, त्यामुळे आमच्या घरात ट्रकबद्दलचा शेवटचा शब्द त्यांचाच.

तर एका लेबर सप्लायवाल्याकडून काम आलं, क्लिप्सल 500 नावाच्या रेस वीकएंडला ट्रॅकवर सामान हलवायचं. हा ट्रॅक म्हणजे शहराच्या कडेचं पार्कलँड आणि खरेखुरे रस्तेच, 1985 ते 1995 इथेच फॉर्म्युला वन व्हायची, आणि एरवी त्याच रस्त्यांनी मी सायकलवर जायचो. मला वाटलं खुर्च्या, बॅरिअर, पाण्याच्या बाटल्या उचलायच्या असतील. सकाळच्या मीटिंगला कळलं की आमच्या गँगला रॅम्प आहेत. कसले रॅम्प? तर म्हणे ट्रक उडवायचे.

स्टेडियम सुपर ट्रक्स हा प्रकार रॉबी गॉर्डनने 2013 ला अमेरिकेत सुरू केला. हा माणूस इंडीकार, नासकारच्या सर्किट रेसपासून बाहा, डकारसारख्या वाळवंटी रेसपर्यंत सगळं चालवलेला, 1999 च्या इंडी 500 रेसला पुढे असताना शेवटच्या एक-दोन लॅपमध्ये पेट्रोल संपलं म्हणून हरलेला तोच. वाळवंटात उड्या मारणारे ट्रक त्याने आधी स्टेडियमच्या मातीत आणि लगेच शहरातल्या डांबरी सर्किटवर आणले, आणि डांबरात खड्डे-टेकाड नाहीत तर काय, लोखंडी उतार आणून ठेवायचे. लाँग बीच, सेंट पीटर्सबर्ग, डेट्रॉइट अशा इंडीकारच्या वीकएंडला ते मधे पळायचे. ऑस्ट्रेलियात हा खेळ त्या वर्षी पहिल्यांदाच येत होता, म्हणजे मी जेवढा नवखा तेवढाच आमचा सुपरवायझरही, फक्त तो तसं दाखवत नव्हता.

आणि कामाची खरी गोची अशी की रॅम्प दिवसभर ट्रॅकवर ठेवता येत नाहीत. त्याच रस्त्यावर आधी सुपरकार्स, म्हणजे त्या वीकएंडच्या मुख्य रेसच्या गाड्या, पळतात, त्या गेल्या की थोड्या वेळात आम्ही आत जायचं, रॅम्प खुणेवर टेकवायचे, बाहेर पडायचं, ट्रक पळून गेले की परत उचलायचे. टीव्हीचं टाइमटेबल मिनिटावर बांधलेलं. रॅम्प टेकवताना खाली लाकडी ठोकळे घालतात, म्हणजे फोर्क बाहेर ओढता येतात, मग एकेक कोपरा उचलून ठोकळा काढायचा आणि रॅम्प डांबरावर सपाट बसवायचा. आमच्याकडे दोन रॅम्प, प्रत्येकी चार, एकूण आठ ठोकळे. ठोकळा साधाच, वीतभर रुंद, एका बाजूला ग्रीस लागून काळा झालेला.

प्रॅक्टिसचं सेशन होतं. ऊन असं की डांबरावर गुडघा टेकला की चटका बसत होता. आधीच्या गाड्यांच्या रबराने खडूची खूण अर्धी पुसलेली, पहिला रॅम्प मी हातभर डावीकडे टेकवला, मग उचला, परत टेकवा, त्यात वेळ गेला, सुपरवायझर घड्याळ दाखवून ओरडतोय, एक अमेरिकन मेकॅनिक आला त्याने बुटाने रॅम्पला दोन लाथा घातल्या, मान हलवली, गेला. आम्ही पळत भिंतीमागे. तिथे सवयीने ठोकळे मोजले.

सात.

परत मोजले, सातच. पोटात गोळा आला. एका कोपऱ्याखाली ठोकळा राहिला तर रॅम्प डुगडुगणार, आणि त्यावर 600 हॉर्सपॉवरचा व्ही-8 ट्रक पूर्ण वेगात चढणार. आपण आयुष्यभर स्पीडब्रेकर आला की ब्रेक मारतो, ही माणसं स्पीडब्रेकर बघून अ‍ॅक्सिलरेटर दाबतात. खरं सांगतो, दहा सेकंद मी गप्प बसायचा विचार केला. व्हिसा, भाडं, पुढच्या शिफ्ट, सगळं डोक्यात येऊन गेलं. पिट लेनमध्ये इंजिनं चालू झालेली ऐकू येत होती. मग गेलो सुपरवायझरकडे आणि सांगितलं, एक ठोकळा कमी आहे. त्याने जो शब्द वापरला तो इथे लिहीत नाही, पण रेडिओ लगेच तोंडाला लावला. ट्रक थांबवले. आम्ही दोघं परत आत पळालो, पोटावर झोपून दोन्ही रॅम्पचे आठही कोपरे बघितले. काही नाही, सगळं सपाट.

घामाघूम होऊन बाहेर आलो तर आमच्यातला एक म्हातारा गडी भिंतीच्या सावलीत आठव्या ठोकळ्यावर बसून मीट पाय, म्हणजे खिमा भरलेलं पॅटिस, खात होता. त्याला कशाचा पत्ताच नव्हता. सुपरवायझरने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, म्हणाला पुढच्या वेळी मोठ्याने मोज, सगळ्यांना ऐकू जाऊ दे. एवढंच. गेली असतील दोन-तीन मिनिटं, स्टँडमधल्या कुणाला कळलंही नसेल.

मग पहिला ट्रक आला. लांबून साधा पिकअपच, फक्त वळणावर इतका कलंडतो की आतलं पुढचं चाक सरळ हवेत, वाटतं आता पलटी. रॅम्पवर चढला आणि एकदम आवाज बदलला, चाकं मोकळी झाली की इंजिन किंचाळतं आणि ड्रायव्हर पाय उचलतो, त्या क्षणभरात ट्रकची चारी चाकं खाली लोंबत असतात, पाय सोडलेल्या कोंबडीसारखी. खाली आला, टायर चिरकले, बॉडी बुडाशी गेली आणि वर आली, आणि गेलाच पुढे. माझी नजर मात्र रॅम्पवर होती. हलला नाही.

त्या सीझनला चॅम्पियन झालेला शेल्डन क्रीड तेव्हा सतरा वर्षांचा होता, आपल्याकडे ट्रकच्या लायसनला वीस पूर्ण लागतात. 2018 ला पर्थमध्ये एका ट्रकचं चाक निखळून ट्रॅकबाहेर गेलं आणि ऑस्ट्रेलियात या रेसवर बंदी आली, पुढे ती उठलीही. ती बातमी वाचली तेव्हा मी ऑफिसात होतो, पण पहिला विचार आला तो ठोकळ्यांचाच.

रात्री आण्णांना व्हिडिओ पाठवला. दोनदा बघितला असणार, कारण फोन बऱ्याच वेळाने आला.

"आरं, पाटं राहत्यात का त्याचं?"

म्हटलं आण्णा, मालट्रकच्या चाकांवर असतात तसे पाटे नाहीत, स्प्रिंगा आणि हे एवढे लांब शॉकअब आहेत.

"आन् माल किती भरत्यात?"

माल नसतो.

जरा वेळ फोनवर काहीच नाही. मग म्हणाले, "मोकळी गाडी कुनीबी उडवंल."

मी ठोकळ्याचं सांगितलं. तेव्हा मात्र म्हणाले, रोज मोजत जा.