पंधरा गोल

परळच्या आमच्या दवाखान्यात हाडांच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन ती आईबरोबर आली. वय १७, कथक शिकते, नडगीला स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणाने हाडाला पडलेली बारीक चीर), आहार बघावा. उंची १६० सेंटिमीटर, वजन ४१ किलो, बसल्या जागी नाडी ४६. पाच महिने पाळी नव्हती.

"काय खातेस?" तर पाठ केल्यासारखं उत्तर: पोळी, भाजी, वरणभात. असली उत्तरं मला रोज मिळतात. खोटी नसतात, कधीची ते फक्त सांगितलेलं नसतं. मध्येच आई कौतुकाने म्हणाली, "मॅडम, सोमवार, गुरुवार, शनिवार धरते. चतुर्थी, एकादशीही चुकवत नाही. आजकालच्या मुली कुठे करतात?"

भिंतीवरचं कालनिर्णय काढून मी पेनाने गोल करत गेले. महिन्यात पंधरा. उपासाला लिंबूपाणी, कधी अर्धं केळं. एकादशी अन् दुप्पट खाशी हा आपल्या घराघरांतला प्रकार इथे नव्हता.

आईला बाहेर बसवलं. बऱ्याच वेळाने मुलगी म्हणाली, "गुरुवार असला की कुणी आग्रह करत नाही." क्लासमध्ये कुणीतरी तिच्या पोटावरून बोललं होतं, पहिला सोमवार तिथून. हल्ली मात्र घुंगरूच जड वाटायला लागले होते.

नाचात खर्च होऊन शरीराला पुरेसं उरलं नाही, की ते काटकसर करतं: पाळी थांबते, हाडांची डागडुजी रखडते, नाडी मंदावते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये याला 'रेड-एस' नाव दिलं, खेळाडूंसाठी. तासन् तास तत्कार, म्हणजे कथकचं पायांचं काम, करणारी पोर त्याहून वेगळी कुठे?

तिला विचारून आईला आत घेतलं. ईसीजी, पोटॅशियम, फॉस्फेट लिहून दिलं, मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली. आई तूप-लाडू आजच सुरू करायला निघाली होती. तिला आवरावं लागलं: उपाशी शरीरात एकदम अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट घसरतं, हृदयावर बेततं. हळूहळू, तपासण्या बघत वाढवायचं. तोवर नाच बंद, हे ऐकून मुलगी रडली. उपास बंद म्हटल्यावर आई रडली.

"देवाला काय सांगू, मॅडम?" मग डोळे पुसून स्वतःच म्हणाली, "तिचे उपास मी धरते."

मुलगी नाक ओढत म्हणाली, "आई, तुला शुगर आहे."