रेडा, राजा आणि आठवी ब

आठवीत संस्कृत घेतलं ते काय कालिदासाच्या ओढीनं नाही. संस्कृतात गणितासारखे पैकीच्या पैकी पडतात असं कुणीतरी वडलांना मोंढ्यात सांगितलं आणि माझं नाव संयुक्तमधे गेलं, म्हणजे अर्धं हिंदी, अर्धं संस्कृत, पन्नास-पन्नास मार्काचं.

पहिल्याच तासाला सर म्हणाले, 'देव चालव.' आता देव चालवायचा म्हणजे काय, सायकल आहे का? मग कळलं, देवः देवौ देवाः. पण सायकलचंच खरं ठरलं, कारण माझं सगळं पाठांतर शाळेत जाताना पायडलच्या ठेक्यावरच झालं, आणि देवेन देवाभ्याम् देवैः आलं की हमखास चढ लागायचा. देवाभ्याम् आपल्याला लई आवडायचं, तृतीया चतुर्थी पंचमी तिन्हीकडं तेच, एकदा पाठ करा आन तीनदा लिहा. बाकी द्विवचनाचा मात्र राग यायचा. मराठीत दोन झाले की झाले अनेक, इथं नुसत्या दोघांसाठी वेगळी खोली कशाला? (हा राग लग्नानंतर गेला, पण ते असो.)

चुकलं की सरांचा एकच टोमणा, 'अरे ह्या गावात रेडा वेद बोलला, तुला साधा देव चालवता येईना?' पैठणच्या पोरांना हे जन्मभर ऐकावं लागतं. ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवले, त्या रेड्याशी कंपॅरिझन, आणि त्यात आपण हरणार हे ठरलेलं.

मग संधी आला. आ आणि उ मिळून ओ, महा अधिक उत्सव महोत्सव, इथपर्यंत ठीक, पण उलटं फोडायला दिलं की सगळा वर्ग गार. तेव्हा सर टेबलावर बसले आणि गोष्ट सांगायला लागले. पैठण म्हणजे जुनं प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. तर तिथला राजा राण्यांसोबत पाण्यात खेळायला उतरलाय, पाणी उडवायलाय, एक राणी दमली आणि म्हणाली, 'मोदकैः' मारा मला. राजानं हुकूम सोडला, मोदक आणा! राणी फिसकन हसली. ती म्हणत होती मा उदकैः, पाण्यानं मारू नका, आणि ह्यानं ताटभर मोदक मागवले. राजाला इतकी लाज वाटली की त्यानं जेवणखाण, बोलणं सोडून दिलं. मग दरबारातल्या दोन पंडितांत पैज लागली. गुणाढ्य म्हणाला, व्याकरणाला बारा वर्षं लागतात, मी सहात शिकवतो. शर्ववर्मा म्हणाला, मी सहा महिन्यात. आणि शिकवलं! त्यातूनच कातंत्र व्याकरण निघालं म्हणतात, जे पुढं काश्मीर-बंगालात शतकानुशतकं शिकवलं गेलं. पैज हरल्यावर गुणाढ्यानं संस्कृत, प्राकृत आणि देशी अशा तिन्ही भाषा सोडल्या. इथं मागच्या बाकावरून आवाज आला, 'सर आम्ही बी सोडतो.'

मला वाटलं सरच रचून सांगायलेत. ही गोष्ट अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या कथासरित्सागरात आहे हे फार पुढं कळलं. पण त्या दिवशी छाती फुगली हे खरं, इतके दिवस गावात एकटा रेडाच होता, आता आपल्या बाजूनं राजा पण आला.

घरी आबांना सांगितलं तर ते हसले. आबांची शाळा निजामाच्या राज्यातली, १९४८ च्या आधीची, उर्दूतली. ते म्हणाले, 'तुमचं कर्ता कर्म, आमचं फाइल मफऊल. आन क्रियापदाला काय म्हणत्यात म्हाइतंय का? फेल.' मग चष्म्यातून बघत, 'म्हंजी क्रियापद आलं नाही तर पोरगं फेलमधी फेल.' हा जोक त्यांनी घरात आलेल्या प्रत्येक पाव्हण्याला ऐकवला, दहावीच्या निकालाच्या दिवशी सुद्धा.

आणि खरं अवघड तर मराठीच गेलं. निबंधात मी लिहिलं, 'नदीला पाणी यायलं.' गुरुजींनी लाल पेनानं खोडून वर लिहिलं, 'येत आहे.' मी करायलो, तू जायलास, सगळं लाल. मला कळेना, आई दिवसभर चुकीचंच बोलती का? त्याच रविवारी हेच गुरुजी एसटी स्टँडवर भेटले, हातात भाजीची पिशवी, आणि लांबूनच ओरडले, 'काय रे, काय करायलास हितं?' मी त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिलो. करायलास कसं चालवायचं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, मला पण नाही, तरी दोघांचं एकदा पण चुकत नव्हतं. लाल पेन काय त्यांनी रविवारी खिशात ठेवलं नव्हतं.

त्या वर्षी जायकवाडीतून पाणी सोडलं तेव्हा आम्ही पोरं नागघाटावर गेलो. संस्कृतवाले आम्ही चौघं, आणि एक मित्र फुल हिंदीवाला. पाणी उडवायला सुरुवात झाली, त्यानं दोन्ही हातांनी असा काही मारा केला की नाका-तोंडात पाणी, आम्ही चौघं एकदमच ओरडलो, 'मोदकैः! मोदकैः!' तो थांबला. कपाळावरचं पाणी पुसत म्हणाला, 'येडे झाले का बे, चतुर्थीला अजून लई टाईम हाय.'