आमची वाटचाल : फुगलेले कपॅसिटर आणि एक कॅबिनेट

आम्ही दोघांनी सुटे भाग जुळवून कॉम्प्युटर बांधायचं आणि दुरुस्त करायचं काम सुरू केलं तेव्हा एटी, म्हणजे जुन्या मापाच्या कॅबिनेटच्या मशीन अपग्रेडला यायच्या. वीजपुरवठ्याचे पी8 आणि पी9 हे दोन कनेक्टर शेजारी-शेजारी लावताना काळ्या वायरी मधोमध आल्याच पाहिजेत, नाहीतर मदरबोर्ड गेला. भागीदाराचा हात सोल्डरिंगवर बसलेला, मी जुळवाजुळवीत. पहिली वर्षं बरी गेली. खरं सांगायचंय ते 2003 सालाबद्दल.

त्या वर्षी आम्हीच असेंबल केलेल्या मशीन एकामागून एक परत येऊ लागल्या. कोणाची हँग होते, कोणाची आपोआप रीस्टार्ट, कोणाला डिस्प्लेच नाही. रॅम बदलली, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) बदलला, विंडोज नव्यानं टाकलं. शेवटी भागीदारानं टॉर्च धरून प्रोसेसरच्या सॉकेटशेजारचे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणारे छोटे नळकांडे, दाखवले. डोकी फुगलेली, खाचेतून तपकिरी द्रव झिरपलेला. सदोष इलेक्ट्रोलाइटचे (आतल्या द्रवाचे) हे कपॅसिटर तेव्हा जगभरातल्या बोर्डांवर बसले होते, नावाजलेल्या कंपन्यांच्यासुद्धा. आत वायू साठतो, कपॅसिटर निकामी होतो आणि प्रोसेसरचा व्होल्टेज डळमळतो.

ग्राहकाला हे कोण सांगणार? आमच्याच धंद्यातल्या एकानं मात्र सांगितलं की आम्ही हलका माल बसवतो. त्याच्याकडचे बोर्ड त्याच कंपनीचे, त्याच मॉडेलचे होते! निम्मे ग्राहक त्याच्याकडे गेले. पुरवठादारानं वॉरंटी संपल्याचं सांगून हात वर केले. बंद करावं असं ठरतच आलं होतं.

तेव्हा डीटीपीचं काम करणारे एक काका मशीन घेऊन आले. पुस्तकाची पानं अर्धी लागलेली. म्हणाले, "दुसरीकडे नेणार नाही. तुम्ही बांधलंय, तुम्हीच उघडा."

मग आम्ही बोर्ड दुरुस्त करायला बसलो. बहुतेक जागी 6.3 व्होल्टचे, 1500 मायक्रोफॅरडचे कपॅसिटर. त्याच मापाचे, 105 अंशांपर्यंत चालणारे, लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेले) आणून बसवले. जुना कपॅसिटर काढताना मायनसचा पाय सुटता सुटत नाही, कारण बोर्डाच्या आतला ग्राउंडचा तांब्याचा थर सगळी उष्णता ओढून घेतो. आधी थोडं ताजं सोल्डर द्यायचं, ते वितळलं की ते ओढून घेणारा सकर मारायचा. घाई केली की भोकातलं तांबं उखडून येतं आणि बोर्ड कायमचा जातो. हे मला भागीदारानं शिकवलं. पुढे तो दुसऱ्या कामात गेला. त्याचं सोल्डरिंग आयर्न अजून माझ्या टेबलावर आहे.

आम्ही त्या दुरुस्तीचे पैसे कोणाकडून घेतले नाहीत. काही ग्राहक परतले. आम्ही हलका माल बसवतो म्हणणाऱ्या त्या माणसाचे फुगलेले बोर्डही त्याच्याच ग्राहकांमार्फत आमच्याकडे आले, तेही आम्ही दुरुस्त केले. आमच्याबद्दल जे बोलला ते त्यानं आजतागायत मागे घेतलेलं नाही. हे कुठेतरी लिहून ठेवायचं होतं.

घरी मशीन बांधणाऱ्यांना एक सांगतो. प्रोसेसरवर सगळा खर्च करून एसएमपीएस उरलेल्या पैशांत घेऊ नका. बोर्डाच्या भोकांखाली जिथे जिथे हवेत तिथेच पितळी स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून उचलून धरणारे खुंटे) लावा, एखादा जास्तीचा राहिला तर मागून शॉर्ट होतो. कॅबिनेटमध्ये कसण्याआधी बोर्ड त्याच्या खोक्यावर ठेवून रॅमच्या एकाच काडीवर डिस्प्ले आणून बघा. जुन्या मॉड्युलर (केबल सुट्या होणाऱ्या) एसएमपीएसच्या केबल नव्याला लावू नका. खोबण जुळते, पण आतली वायरिंग वेगळी असू शकते.

काकांचं कॅबिनेट अजून तेच आहे. एटीएक्सच्या, म्हणजे एटीनंतर आलेल्या मापाच्या बोर्डांच्या, स्क्रूच्या जागा 1995 पासून बदललेल्या नाहीत, म्हणून त्यात आजवर चार बोर्ड बसले. जुनं कॅबिनेट गुदमरायचं, म्हणून पुढचा पत्रा कापून 120 मिमीचा पंखा लावला. आता त्यात एएमडीच्या एएम4 सॉकेटचा बोर्ड आणि थेट बोर्डावरच बसणारी एम.2 एसएसडी आहे. हार्डडिस्कचे सगळे कप्पे रिकामे पडलेत. काकांनी ते काढू दिले नाहीत.